बंद, खिशात

झटका तसा लहानच होता. तर्जनीचं टोक स्क्रूड्रायव्हरच्या पिवळ्या मुठीवरून जरासं पुढे घसरलं, उघड्या दांडीला टेकलं आणि हात कोपरापासून मागे उडाला. कोपर दाराच्या चौकटीवर आपटलं. स्क्रूड्रायव्हर जिन्यावरून टणटण करत खाली गेला आणि कुठल्यातरी पायरीवर थांबला. ती लाकडी स्टुलावर उभी होती, पायात जाड रबरी चपला होत्या आणि डावा हात शिकवल्याप्रमाणे पाठीमागे, कमरेच्या पट्ट्यात खोचलेला होता. म्हणजे उजव्या हातातून शिरलेल्या करंटला छातीतून पलीकडे जायला वाटच नव्हती. म्हणून एवढ्यावर निभावलं. या धंद्यात असे झटके कुणाला चुकलेले नाहीत. हात झटकायचा, एक शिवी हासडायची आणि पुढच्या स्क्रूला लागायचं. पण तिला शिवी आठवेना. ती समोरच्या उघड्या बोर्डाकडे बघत राहिली. कानात अजून सासऱ्यांचा, बाबांचा आवाज होता. खालच्या मजल्यावर, जिन्याखालच्या मेन स्विचपाशी उभं राहून त्यांनी आत्ताच सांगितलं होतं, "बंद. खिशात."

या दोन शब्दांच्या भरवशावर तिने आजवर कितीतरी बोर्डांत हात घातले होते. बहुतेक घरांत मेन स्विच एकीकडे आणि बोर्ड दुसरीकडे असतो, वरच्याला खालचा दिसत नाही, म्हणून बाबांनी ही पद्धत घालून दिली होती. तिने वरून विचारायचं, "बंद?" त्यांनी मेनचा दांडा खाली ओढायचा, पेटीचं झाकण उघडायचं, आतले चिनी मातीचे फ्यूज उपटून शर्टाच्या वरच्या खिशात टाकायचे आणि मगच बोलायचं. फ्यूज खिशात असले की कुणी येऊन दांडा वर केला तरी वरच्या माणसाला धोका नाही. कारण असं कुणी ना कुणी येतंच. कुणाला पाणी तापवायचं असतं, कुणाचा फोन चार्ज व्हायचा असतो, कुणी नुसताच फार हुशार असतो. "अशा माणसांपासून देव वाचवत नाही, खिसा वाचवतो," असं बाबा म्हणायचे. घरात त्या शब्दांची थट्टाही चाले. झोपताना दिवा मालवला की तिचा नवरा अंधारातून गंभीर आवाजात म्हणायचा, "बंद. खिशात," आणि पलीकडच्या खोलीतून बाबा हसल्याचं ऐकू यायचं.

मग तिला शिलाई मशीन ऐकू आलं. खालच्या खोलीत घरमालकीण बाई कपडे शिवत होत्या, मशीनला मोटर होती, आणि ती मोटर घरघरत होती. थांबत होती, पुन्हा घरघरत होती. लांब टीप, छोटी टीप, पुन्हा लांब टीप. ती आत्ता सुरू झालेली नव्हती. मघापासून चालू होती, बाबा "बंद" म्हणाले तेव्हाही चालू होती, आणि स्क्रूवर स्क्रूड्रायव्हर टेकवताना तिच्या दोन्ही कानांनी ती ऐकलेली होती. ऐकलं आणि तरीही ऐकलं नाही. बाबांनी बंद म्हटलंय म्हणजे मशीन बंदच असणार, असं तिच्या डोक्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. आता मात्र त्या आवाजाशिवाय दुसरं काही ऐकूच येईना. अंगावर सरसरून काटा आला. झटक्याने नव्हता आला, या आवाजाने आला.

"काय पडलं गं?" खालून बाबांनी विचारलं.

"स्क्रूड्रायव्हर."

"हाताला लोणी लावून आलीस काय?"

तोच आवाज. तीच थट्टा. काही म्हणजे काही बदललेलं नव्हतं, आणि त्यामुळेच ती स्टुलावरून खाली उतरली. ती कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागली. दंडात मुंग्या येतात म्हणतात, मुंग्या परवडल्या. दंड तिचा नव्हताच, कुणीतरी सांभाळायला दिलेला असावा तसा तो बाजूला लोंबत होता. जिभेवर पत्रा चाटल्याची चव होती. पायरीवर पडलेला स्क्रूड्रायव्हर तिने ओलांडला, उचलला नाही. वाकलं तर उठता येणार नाही असं वाटलं.

जिन्याखाली बाबा नेहमीसारखे उभे होते. पेटीकडे पाठ, पाय जरा फाकलेले, एक हात छातीवरच्या खिशावर. देवडीवरचा पहारेकरी उभा राहील तसे. त्यांच्या खांद्यामागे मेनची लोखंडी पेटी होती, तिचं झाकण लागलेलं होतं आणि दांडा वर होता. तिने तो पाहिला, नजर काढून घेतली, आणि पुन्हा पाहिला. वरच होता.

"बाबा, फ्यूज?"

"खिशात," ते म्हणाले, आणि खिशावर थाप मारली. चिनी मातीवर चिनी माती वाजली. ते हसलेही, काय विचारतेस असं. मग दोन बोटांनी फ्यूज बाहेर काढून त्यांनी तिच्यासमोर धरले. पांढरेशुभ्र. या घरातले फ्यूज सकाळी तिने स्वतः बघितले होते, धुराने तपकिरी झालेले, एकाचा कान तुटलेला. हे नवे होते. सकाळी घरून निघताना त्यांनी कपाटातून काढून, असू देत जवळ, म्हणून खिशात टाकले होते. हाताला खिशात फ्यूज लागले होते, आणि फ्यूज खिशात आहेत म्हणजे ते उपटलेले असणार, उपटलेत म्हणजे दांडा ओढलेला असणार. हात खोटं बोलला नव्हता. फक्त गोष्ट शेवटाकडून सुरुवातीकडे गेली होती, आणि सुरुवात झालीच नव्हती.

बाबा फ्यूजकडे बघत राहिले. मग वळून दांड्याकडे बघितलं. मग तिच्या हाताकडे. त्यांचा चेहरा तिने नाना तऱ्हांचा पाहिलेला होता, चिडलेला, सासूबाई गेल्या त्या आठवड्यातला, गिऱ्हाइकाला गुंडाळतानाचा. हा चेहरा तिच्या ओळखीचा नव्हता. त्यावर काहीच नव्हतं, घर रिकामं करून माणसं निघून गेल्यावर असतं तसं.

"लागला?"

"नाही. जरासा."

"जरासा," ते म्हणाले, आणि शेजारच्या पायरीवर बसले. फ्यूज मुठीत तसेच होते.

मशीन थांबलं. गळ्यात मोजायची फीत घातलेल्या शिवणवाल्या बाई दारात आल्या. "झालं का हो? मी आपली बसलेय शिवत. यांनी बंद म्हटलं तेव्हा मी पायसुद्धा काढून घेतला, पण पुन्हा दाबून बघते तर मशीन चालतंय. म्हटलं, आपली लाईन वेगळी असेल. चालतंय तोवर शिवून घ्यावं."

"जरा वेळ लागेल अजून," ती म्हणाली. आपला आवाज बरा निघतोय याचं तिलाच नवल वाटलं. "तुम्ही शिवा. बंद करताना मी स्वतः येऊन सांगते."

"स्वतः" हा शब्द तोंडातून गेल्यावर तिला कळलं की बाबांनीही तो ऐकला असणार. ती त्यांच्याशेजारी पायरीवर बसली. बसायला जागा थोडी होती, तिचा खांदा त्यांच्या खांद्याला लागला, आणि तिला जाणवलं की ते थरथरताहेत. की आपणच थरथरतोय, हे काही कळेना. ती मेली असती. हे वाक्य तिने मनात म्हणून बघितलं. वीस मिनिटांपूर्वी तिने डाव्या हाताने चहाचा कप धरला होता, तोच हात पट्ट्यात खोचायचा राहिला असता आणि बोर्डाच्या पत्र्यावर टेकला असता, तर ती वर स्टुलावर चिकटून राहिली असती, आणि खाली बाबा खिशावर हात ठेवून पुढच्या प्रश्नाची वाट बघत उभे राहिले असते. खूप वेळ. मशीन चालू राहिलं असतं. हे चित्र इतकं स्वच्छ दिसलं की तिने डोळे मिटले, तर ते मिटल्या डोळ्यांतही होतं.

या धंद्यात ती बाबांमुळेच आली होती. नवऱ्याला वायर बघूनच घाम फुटायचा. बाबांनी त्याला शिकवायचा नाद सोडला तेव्हा दोघांनीही सुटकेचा श्वास टाकला होता, आणि तो सुखाने एका कचेरीत जाऊन बसला. लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात घरातला बोर्ड जळला. ती बॅटरी धरून उभी होती आणि नव्या नवरीने विचारू नये असे प्रश्न विचारत होती. ही काळी कुठं जाते, ही तांबडी इथंच का, दोन्ही एकत्र लागल्या तर काय होईल. बाबांनी मागे वळून तिच्याकडे जरा वेळ बघितलं, आणि स्क्रूड्रायव्हर पुढे केला. "सांग बघू, आता कुठली आधी सोडायची?" तिने सांगितलं. "बरोबर," बाबा म्हणाले. तेव्हापासून ते "सांग बघू" सुरू झालं ते थांबलंच नाही. भाजी निवडताना, रस्त्याने चालताना, कुणाच्या बारशाला जेवायला बसल्यावरसुद्धा. सांग बघू, अर्थिंग तुटलं तर फ्रीजला हात लावल्यावर काय होईल. सांग बघू, गिझरला ही वायर पुरेल का. ती सांगायची, ते म्हणायचे, "बरोबर." त्या "बरोबर"साठी ती काहीही शिकली असती. शिकलीच.

तिने डोळे उघडले. काहीतरी घडलं, पण खाली जिन्यापाशी नव्हे, तिच्या आत. अलीकडचे "सांग बघू" तिला एकामागून एक आठवायला लागले. सांग बघू, काल आपण कुठं होतो? सांग बघू, निघताना कुलूप लावलं का आपण? सांग बघू, या रस्त्याने गेलो तर कुठं निघू? सांग बघू, ते पाठीवर थाप मारून गेले ते कोण? तिने सगळ्यांची उत्तरं फटाफट दिली होती. म्हातारा अजून परीक्षा घेतोय म्हणून आतून सुखावली होती. नवऱ्याला हसत सांगितलंही होतं, "बाबा आता करंट सोडून जगाची परीक्षा घ्यायला लागलेत." आणि प्रत्येक उत्तरानंतर बाबा म्हणाले होते, "बरोबर." ती परीक्षा नव्हती. बाबांना उत्तर माहीत नव्हतं. त्यांनी विचारलं होतं, कारण त्यांना कळून घ्यायचं होतं की काल आपण कुठं होतो, आणि साधं विचारायची लाज वाटत होती म्हणून जुन्या परीक्षेचा सदरा घालून विचारलं होतं. करंटने हात उडाला होता, याने ती सबंध बसल्या जागी हलली. किती महिने? तिला मागे जाता येईना. जिथवर हात पोचत होता तिथवर "सांग बघू" होतंच, आणि कुठल्या "सांग बघू"पासून बाबांना उत्तर येईनासं झालं ते कुठल्याच आठवणीवर लिहिलेलं नव्हतं.

आणि ती स्वतः? पिशवीच्या तळाशी एक दिवा होता. होल्डरमध्ये लावलेला साधा बल्ब, त्याला दोन वायरी, वायरींच्या टोकांना तांब्याच्या काड्या. तिने काम सुरू केलं तेव्हा बाबांनीच बांधून दिला होता. "मी बंद म्हटलं तरी हा लावून बघायचा. माझ्यावरसुद्धा विश्वास ठेवायचा नाही. आधी चालू जागी लाव, पेटतो का बघ. मग बोर्डाला लाव. मग पुन्हा चालू जागी. नाहीतर बल्बच गेलेला असायचा आणि तू त्याला बंद समजायचीस." ती कितीतरी दिवस मनापासून लावायची. मग एकदा एका घरात भिंती रंगवणाऱ्या रंगाऱ्याने ते बघितलं आणि शिडीवरूनच म्हणाला, "सून सासऱ्याचा शब्द तपासून घेते होय? चांगलं आहे बुवा." सगळे हसले. बाबाही हसले. परतताना ते गप्प होते, किंवा तिला तसं वाटलं. दुसऱ्या दिवशी तिने दिवा पिशवीत तळाशी सरकवला. कुणी सांगितलं नव्हतं. उलट बाबा खालून अधूनमधून विचारायचे, "दिवा लावलास?" आणि ती बोर्डात हात घालता घालता म्हणायची, "लावला." त्यांचा मान राखला असं तिला वाटायचं. म्हणजे आज खालून एक शब्द खोटा आला, पण वरून तिचा शब्द कित्येक दिवस खोटाच जात होता, आणि मध्ये जिना होता म्हणून दोघांचं छान चाललं होतं.

"त्याला सांगणार?" बाबांनी विचारलं. त्याला म्हणजे तिच्या नवऱ्याला. नजर फ्यूजवर होती.

सांगितलं तर काय होणार हे दोघांनाही ठाऊक होतं. नवरा वाईट नव्हता. भित्रा होता आणि त्याचं बापावर प्रेम होतं. तो वर्षभर म्हणत होताच, बाबांना आता घरी बसव, कुठं पडले-बिडले तर. ती दर वेळी भांडली होती. सासूबाई गेल्यावर बाबा घरी बसले होते तो काळ तिने बघितला होता. सकाळपासून घरभर फिरून प्रत्येक बटण चालू-बंद करून बघायचे, खिडकीशी उभे राहायचे, जेवायला हाक मारली की जेवायचे. मग ती त्यांना ओढून कामावर घेऊन गेली, मेनपाशी उभं केलं, आणि वरून विचारलं, "बंद?" तेव्हा कुठं त्यांच्या आवाजात पुन्हा माणूस आला. ती जागा काढून घेतली तर खिडकी उरली. आणि नाही काढून घेतली तर एक दिवस कुणाच्या तरी घरात ती स्टुलावर उभी असताना खालून तोच खणखणीत आवाज येईल, बंद, खिशात. तिला दोन्ही दिसत होतं. रडू येत नव्हतं, तेही कुठंतरी अडकलं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "द्या ते."

त्यांनी मूठ उघडली. तिने नवे फ्यूज घेतले, पिशवीत टाकले. मग उठून आतल्या खोलीत जाऊन सांगितलं, "बाई, आता बंद करतेय हं. आणि तुमच्या कपाटाचं कुलूप द्या जरा वेळ." शिवणवाल्या बाईंनी मशीनवरचा पाय काढून घेतला आणि काही न विचारता कुलूप दिलं. तिने दांडा खाली ओढला. तो खट्ट आवाज जिन्याखाली घुमला, आणि मघाशी हा आवाज आलाच नव्हता हे तिला आत्ता कळलं. झाकण उघडून तिने जुने तपकिरी फ्यूज उपटले. मग दांड्याच्या भोकात कुलूप अडकवलं, किल्ली फिरवली, आणि किल्ली आणि फ्यूज दोन्ही आपल्या शर्टाच्या खिशात टाकले. इतकी वर्षं कामाचा शर्ट घालून या खिशात तिने पेन्सिलीपलीकडे काही ठेवलं नव्हतं. फ्यूज जड होते. बाबा बघत होते. त्यांच्यासमोर त्यांचा खिसा रिकामा करून आपला भरणं, याच्याइतकं क्रूर काम तिने आजवर केलं नव्हतं. पाहुण्यासमोर त्यांच्या ताटातली भाकरी उचलावी तसं वाटलं.

तिने पिशवीच्या तळातून दिवा काढला. वायरी गुंतल्या होत्या, बल्बवर धूळ होती. एका हाताने, तांब्याच्या काड्यांना मागून, वायरीच्या रबरावर धरून, तिने तो पेटीत बाहेरून येणाऱ्या लाईनवर टेकवला. तिथं करंट कायम असतो. बल्ब पेटला. धुळीतून पिवळा उजेड पडला, बाबांच्या गुडघ्यांवर, तिच्या मनगटावर. म्हणजे दिवा खरं बोलत होता.

"चला वर," ती म्हणाली.

"मी इथं थांबतो ना."

"इथं आता थांबायला काही नाही, बाबा. कुलूप आहे. वर चला माझ्याबरोबर. मला उजेड धरायला कुणीतरी हवंय."

ते लगेच उठले नाहीत. पेटीकडे एकदा बघितलं, कुलपाला बोट लावून बघितलं, ओढून बघितलं. कुलूप पक्कं होतं. मग ते जिना चढायला लागले, कठड्याला धरून, आणि ती त्यांच्यामागून, एक पायरी अंतर ठेवून, पडलेच तर धरायला. वाटेत त्यांनी वाकून तिचा स्क्रूड्रायव्हर उचलला, मूठ शर्टाला पुसली आणि मागे न बघता तिच्या हातात दिला.

वर बोर्ड उघडा होता, तसाच. त्याच स्क्रूपाशी तिचं बोट पोचलं आणि आपोआप मागे आलं. बाबांनी बॅटरी धरली. तिने डावा हात पट्ट्यात खोचला, उजव्या हाताने दिव्याच्या काड्या बोर्डाला लावल्या. दिवा पेटला नाही. जागा बदलून लावल्या. पेटला नाही. मग ती जिना उतरून पुन्हा मेनच्या पेटीशी गेली, तिथं लावला. पेटला. पुन्हा वर आली. हे सगळं होईपर्यंत बाबा बॅटरी बोर्डावर धरून जागचे हलले नव्हते. घर एकदम शांत होतं, मशीन नाही, पंखा नाही.

"सांग बघू," बाबा म्हणाले.

आवाज शिकवणाऱ्याचा होता. डोळे तिच्या तोंडाकडे लागले होते. हाच चेहरा गेले कित्येक महिने त्या आवाजामागे असणार. तिनेच कधी वर बघून उत्तर दिलं नव्हतं.

"बंद आहे, बाबा," ती सावकाश म्हणाली. पहिल्या दिवशी सांगितलं होतं तसं, परीक्षेला बसल्यासारखं. "दांडा खाली आहे, कुलूप लावलंय. किल्ली आणि फ्यूज माझ्या खिशात. दिवा लावून बघितला. आज खरंच लावला."

त्यांनी मान हलवली. बॅटरीचा उजेड बोर्डावरून किंचित घसरला, भिंतीवर गेला, परत आला. ते जरा जवळ सरकले, आणि खालच्या बाईंना ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात म्हणाले, "आणि सांग बघू. हे घर कुणाचं?"

ती त्यांच्याकडे वळली आणि या वेळी सरळ डोळ्यांत बघून तिने उत्तर दिलं.

"शिवणवाल्या बाईंचं. आपण सकाळी इथं आलो. दुपारी घरी जाणार आहोत."

"बरोबर," बाबा म्हणाले.

तिने स्क्रूवर स्क्रूड्रायव्हर टेकवला.